अ‍ॅनिमेटेड विज्ञानपटाचा पहिला टीझर चित्रपटापेक्षा इतका वेगळा का असतो?

तुमचे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी ते मांडून घेते. पहिला: अ‍ॅनिमेटेड विज्ञानपटाच्या पहिल्या टीझरमध्ये जे दिसतं ते चित्रपटात बऱ्याचदा नसतंच, असं का? दुसरा: ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का? आणि तिसरा, खरा अडलेला प्रश्न: तुम्ही आणि तुमचे चार मित्र मिळून जुन्या मालवाहू यानावर राहणाऱ्या आजी-नातीची बारा मिनिटांची फिल्म करताय, आत्ताशी तीन शॉट रेंडर झालेत (म्हणजे संगणकाने त्यांची अंतिम चित्रं बनवून दिली आहेत), तर टीझर काढावा की थांबावं?

मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. त्यातली पहिली सहा लायटिंगमध्ये गेली, नंतर एडिटिंग टेबलवर आले आणि तिथून टीझर-ट्रेलर कापण्याकडे वळले. त्यामुळे ज्यांना टीझरसाठी रात्री जागून शॉट पूर्ण करावे लागतात त्यांची बाजू मला माहीत आहे, आणि ज्यांना ते शॉट आजच्या आज हवे असतात त्यांचीही.

सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. टीझर बाहेर येतो तेव्हा चित्रपट तयार झालेला नसतो. हे मी अक्षरशः म्हणते आहे. माणसं घेऊन चित्रीकरण केलेल्या सिनेमात संकलकाच्या हाताशी तासन्‌तासाचं फुटेज असतं. एकाच प्रसंगाचे सात-आठ टेक असतात, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले. त्यातून नव्वद सेकंद निवडणं अवघड असलं तरी निवडायला काहीतरी असतं. अ‍ॅनिमेशनमध्ये ‘जास्तीचं फुटेज’ नावाचा प्रकारच नाही. प्रत्येक शॉट आधी स्टोरीबोर्डवर (रेखाटनांत), मग स्टोरी रीलमध्ये (तीच रेखाटनं क्रमाने जोडलेली कच्ची फिल्म), मग लेआउट (कॅमेरा आणि पात्रांच्या जागा ठरवणं), अ‍ॅनिमेशन, कापड-केस-धूर, लायटिंग आणि शेवटी रेंडर अशा पायऱ्या चढत येतो. प्रदर्शनाच्या वर्षभर आधी बहुतेक चित्रपट रेखाटनांच्या अवस्थेतच असतो. कथा तर अजून हलत असते. दर काही महिन्यांनी संपूर्ण रील आतल्या लोकांना दाखवायची, ती कुठे पडते ते बघायचं आणि अर्धी फोडून पुन्हा बांधायची, असं चालू असतं.

थोडा हिशोब करून बघा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर नव्वद सेकंदांच्या टीझरला 2160 फ्रेम लागतात. एका फ्रेमच्या रेंडरला दहा तास धरले (गुंतागुंतीच्या शॉटला याहून जास्तही लागतात) तर एकाच यंत्रावर 21,600 तास होतात, म्हणजे 900 दिवस. म्हणूनच शेकडो यंत्रांचं रेंडर फार्म लागतं. त्यातही पहिल्या रेंडरला कोणी ‘झालं’ म्हणत नाही. कुठे सावली तुटलेली असते, कुठे बाही हातात घुसलेली असते, मग तीच फ्रेम पुन्हा. 2001 साली आलेल्या ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’मध्ये 1,41,964 फ्रेम होत्या आणि सरासरी दीड तास प्रत्येकीला लागला, असं त्या वेळी प्रसिद्ध झालं होतं. एकाच यंत्रावर ते काम 24 वर्षं चाललं असतं. त्यांच्याकडे 960 यंत्रं होती. नायिकेच्या डोक्यावर 60,000 केस होते, आणि त्या काळी केसांवरच केवढा तरी वेळ जाई.

आता टीझर ठरवायला बसलेल्या टेबलाशी या. मार्केटिंगची माणसं विचारतात, ‘काय तयार आहे?’ खरं उत्तर असतं: मुख्य पात्राचं रिग (त्याला हलवण्यासाठीचा संगणकी सांगाडा) जवळजवळ तयार आहे, एक सेट तयार आहे, दुसरा अर्धा, गर्दी अजिबात नाही, पाणी नाही, आणि खलनायक कसा दिसतो यावर अजून वाद चालू आहे. म्हणून पहिल्या टीझरमध्ये इतक्या वेळा एकच पात्र, एकच जागा आणि मागे अंधार किंवा मोकळं आकाश दिसतं. विज्ञानपटाला यात एक सोय मिळते. अंतराळ काळं असतं, त्यामुळे एक खिडकी, एक चेहरा आणि थोडे तारे एवढ्यावर शॉट उभा राहतो.

आणि जिथे चित्रपटातलं काहीच वापरण्याजोगं नसतं तिथे टीझरसाठी वेगळा प्रसंग लिहून करतात. ‘द इनक्रेडिबल्स’चा पहिला टीझर आठवा. 2003 च्या उन्हाळ्यात ‘फाइंडिंग निमो’सोबत तो दाखवला गेला, चित्रपट आला नोव्हेंबर 2004 मध्ये. पोट सुटलेला एक सुपरहिरो जुन्या पोशाखाचा पट्टा लावायचा प्रयत्न करतो. एक खोली, एक माणूस, एक पट्टा. हा प्रसंग चित्रपटात नाही. पण ज्याने तो पाहिला त्याला चित्रपट कशाबद्दल आहे हे बरोबर कळलं: वय झालेला, कोपऱ्यात टाकला गेलेला, तरीही आतून खाज न गेलेला हिरो. याला मी फसवणूक कशी म्हणू? ही तर मला माहीत असलेली सगळ्यात प्रामाणिक जाहिरात आहे.

विज्ञानपटाच्या टीझरवर आणखी एक जबाबदारी असते, ती विनोदी किंवा कौटुंबिक चित्रपटाच्या टीझरवर नसते. इथे प्रेक्षकाला जगच अनोळखी असतं. या जगात गुरुत्वाकर्षण आहे का, यंत्रं बोलतात का, माणसं कुठे गेली, हे सगळं समजवायला पूर्ण चित्रपट लागतो. टीझरने त्यातला एकच नियम शिकवायचा असतो. दोन शिकवायला गेलात की एकही लक्षात राहत नाही. मी टीझर कापायला बसते तेव्हा आधी एका कागदावर तो एक नियम एका वाक्यात लिहिते आणि मॉनिटरच्या खाली चिकटवते. जो शॉट त्या वाक्याला काही देत नाही तो कितीही सुंदर असला तरी बाहेर. यावरून माझी अनेक दिग्दर्शकांशी कडाक्याची भांडणं झाली आहेत आणि अजूनही मी त्यावर ठाम आहे.

माझ्या मते या प्रकारातला सर्वात शिकण्यासारखा टीझर ‘वॉल-ई’चा आहे. जून 2007 मध्ये, चित्रपटाच्या बरोबर एक वर्ष आधी, तो ‘रॅटटूई’सोबत आला. त्यात दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन स्वतः सांगतात की 1994 साली काही सहकारी दुपारच्या जेवणाला बसले असताना पुढच्या चित्रपटांच्या कल्पना निघाल्या. मुंग्यांचा चित्रपट, राक्षसांचा, माशांचा असे एकेक येऊन गेले, आणि त्या जेवणातली एक गोष्ट राहिली होती: पृथ्वीवर एकटा उरलेला छोटा यंत्रमानव. थांबून बघा यात काय केलंय. या चित्रपटाच्या सुरुवातीच्या अर्ध्या तासात जवळजवळ संवाद नाहीत. मुलांच्या चित्रपटासाठी ही केवढी जोखीम. ती जोखीम लपवण्याऐवजी त्यांनी दिग्दर्शकाच्या आवाजात, शांतपणे, एका जेवणाची आठवण सांगितली आणि नंतर ते धुळकट यंत्र समोर आणलं. कथेतलं वळण एकही उघड केलं नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात चित्रपट माणसांनी भरलेल्या महाकाय यानावर जातो, त्याचा मागमूसही लागू दिला नाही. आपल्याला एवढंच कळतं की हा एकटा आहे आणि त्याला कुतूहल आहे. एकच नियम.

त्या टीझरचं संगीतही चित्रपटातलं नव्हतं. ते मायकेल केमन यांनी 1985 च्या ‘ब्राझील’साठी केलेलं होतं. ‘वॉल-ई’चं स्वतःचं संगीत थॉमस न्यूमन यांचं आहे. अनेकांना हे खटकतं, पण याला इलाज नाही. चित्रपटाचं पार्श्वसंगीत अगदी शेवटच्या महिन्यांत रेकॉर्ड होतं, कारण दृश्याची लांबी पक्की झाल्याशिवाय संगीतकार काम पुरं करू शकत नाही. टीझरच्या वेळी कदाचित संगीतकाराने दोन धून पियानोवर वाजवून दाखवलेल्या असतात, बस्स. मग एखादं जुनं संगीत किंवा प्रसिद्ध गाणं हक्क विकत घेऊन वापरतात. ‘लाइटइयर’च्या ऑक्टोबर 2021 च्या टीझरमध्ये डेव्हिड बोवीचं ‘स्टारमॅन’ होतं. तेव्हा टीझरच्या संगीतावरून चित्रपटाच्या संगीताचा अंदाज बांधू नका. मात्र ते संगीत का निवडलं याचा विचार जरूर करा, कारण त्यातून दिग्दर्शकाच्या मनातला सूर कळतो.

आता एक अगदी जवळून पाहिलेली गोष्ट. मी लायटिंगमध्ये असताना एका विज्ञानपटावर काम करत होते, नाव सांगत नाही. अंतराळ स्थानकावरची एक मुलगी गोठलेल्या काचेवर बोट फिरवते आणि तेवढ्या पट्टीतून पलीकडचा ग्रह दिसतो, असा चार सेकंदांचा शॉट टीझरसाठी निवडला गेला. म्हणजे 96 फ्रेम. चित्रपटात तो बराच पुढे होता, तिथलं दवाचं काम कोणी सुरूच केलं नव्हतं. तरी मागणी आली, कारण टीझरचा शेवट त्यावरच होता. आम्ही तिघांनी मिळून तीन आठवडे तेवढंच केलं. बोटामागे दव कसं वितळतं, कडेला थेंब कसा जमतो, आणि मुख्य म्हणजे बोट काचेवरून उचललं की नखाखाली ओलसर चमक किती वेळ राहते. मी माझं स्वतःचं बोट फ्रीजरच्या दारावर दाबून टॉर्चच्या उजेडात बघत बसायचे. शॉट झाला. टीझर आला. लोकांना तोच शॉट आवडला, पोस्टरवरही गेला.

पाच महिन्यांनी कथा बदलली. मुलगी स्थानकावर राहतच नाही, ती नंतर येते असं ठरलं, आणि तो प्रसंग संपूर्ण गेला. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण नवी रील पाहिली तेव्हा कळलं की चित्रपट आधीपेक्षा चांगला झाला होता. आणि काचेच्या त्या शॉटमध्ये जो प्रकाश आम्ही शोधला होता, निळसर, कडेने थोडा उबदार, तोच पुढे संपूर्ण स्थानकाचा प्रकाश झाला. मुलगी गेली, दव गेलं, प्रकाश राहिला. प्रेक्षकाला हे दिसत नाही, दिसायची गरजही नाही. पण ‘टीझरमधलं काही चित्रपटात नसतं’ असं कोणी म्हटलं की मला ती काच आठवते.

तर मग दुसरा प्रश्न, फसवणुकीचा. तुम्ही ‘एलियो’चं उदाहरण दिलंत, ते चपखल आहे. जून 2023 मध्ये टीझर आला तेव्हा प्रदर्शन मार्च 2024 ठरलं होतं, एड्रियन मोलिना दिग्दर्शक होते, आणि ओल्गा ही एलियोची आई होती, आवाज अमेरिका फेरेरा यांचा. चित्रपट आला जून 2025 मध्ये. तोवर मॅडलिन शराफियन आणि डोमी शी दिग्दर्शक म्हणून आल्या होत्या, ओल्गा एलियोच्या आईऐवजी त्याची ‘ऑन्ट’ झाली होती आणि आवाज झोई साल्डान्या यांचा होता. एवढी उलथापालथ क्वचित होते, पण ती फसवण्याच्या हेतूने होत नाही. टीझर काढताना त्यांच्यापुढे तोच चित्रपट होता. ‘द मिचेल्स व्हर्सेस द मशीन्स’चं तर नावच बदललं. 2020 मध्ये त्याचा ट्रेलर ‘कनेक्टेड’ या नावाने आला, पुढे नेटफ्लिक्सने चित्रपट घेतला आणि 2021 मध्ये तो मूळच्या नावाने प्रदर्शित झाला. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ची पहिली झलक डिसेंबर 2021 मध्ये आली तेव्हा शीर्षकापुढे ‘भाग एक’ होतं, ते नंतर काढून टाकलं. थोडक्यात, पहिल्या टीझरमधली तारीख, शीर्षक, संवाद आणि प्रसंगांचा क्रम या चारही गोष्टी कच्च्या समजाव्यात.

फसवणूक मी वेगळ्याच गोष्टीला म्हणते. चित्रपट शांत असताना टीझरमध्ये दर पाच सेकंदांनी विनोद पेरणं. एकाकीपणाची गोष्ट असताना ती लढाईची भासवणं. प्रसंग चित्रपटात नसला तर चालेल, पण सूर नसला तर नाही. हे बहुतेकदा पहिल्या टीझरमध्ये होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेलरमध्ये होतं. पहिल्या वेळी दिग्दर्शकाचं चालतं, कारण दाखवायला फार काही नसतं. नंतर प्रदर्शन जवळ येतं, भीती वाढते, आणि कोणीतरी म्हणतं की लोकांना हे कळणार नाही, जरा हलकं करा. मी स्वतः असे ट्रेलर कापले आहेत आणि त्यातले दोन मला आजही बघवत नाहीत.

मग प्रेक्षक म्हणून विश्वास कशावर ठेवायचा? पात्राच्या हालचालीवर. पात्र कसं चालतं, कसं वळतं, बघण्याआधी किती थांबतं, हे लवकर ठरतं आणि सहसा बदलत नाही. दृश्यशैलीवरही ठेवा. ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’चा टीझर डिसेंबर 2017 मध्ये, वर्षभर आधी आला आणि छापील कॉमिकसारखे ठिपके, रंग थोडे सरकलेले, हालचाल मुद्दाम तुटक, हे सगळं तेव्हाच समोर होतं. त्या चित्रपटात बऱ्याच ठिकाणी एक पोझ दोन फ्रेम धरून ठेवली आहे, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 12 नव्या पोझ. सवय नसलेल्या डोळ्याला हे आधी अडखळतं. टीझरने डोळ्याला ती सवय लावली, हे त्याचं फार मोठं काम होतं.

आता तुमची फिल्म. माझा सल्ला आहे की काढा, पण आत्ता नाही. पूर्ण तयारीची वाट बघत बसू नका एवढं मात्र नक्की, कारण उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. ‘द आयर्न जायंट’ ऑगस्ट 1999 मध्ये आला. आतल्या चाचणी खेळांना प्रेक्षकांचा प्रतिसाद उत्तम होता, पण प्रसिद्धीची तयारीच झालेली नव्हती, आणि इतका सुंदर चित्रपट अमेरिकेत जेमतेम 2.3 कोटी डॉलर कमवून थिएटरमधून उतरला. तो आज सगळ्यांना प्रिय आहे, पण तेव्हा लोकांना तो आहे हेच नीट कळलं नव्हतं. प्रेक्षकाला आधी चाहूल लागावी लागते.

तुमचे तीन शॉट मी पाहिले. यानाच्या बाहेरून दिसणारा लांबचा शॉट देखणा आहे, तरी तो टीझरमध्ये घेऊ नका. अशी यानं प्रेक्षकाने शेकडो पाहिली आहेत. आजी स्वेटर विणताना लोकरीचा गुंडा हातातून सुटतो आणि तरंगत नातीकडे जातो, तो शॉट घ्या. त्या एका शॉटमध्ये तुमच्या जगाचा नियम आहे, नातं आहे आणि आजीचा स्वभावही आहे, कारण ती गुंडा पकडायला धडपडत नाही, नुसता धागा ओढते. तो शॉट साडेसहा सेकंदांचा आहे. त्याच्या आधी सात-आठ सेकंद काळा पडदा आणि फक्त आवाज ठेवा. नंतर शीर्षक. एकूण तीस सेकंदांच्या वर जाऊ नका. नातीचा चेहरा अजून पक्का झालेला नाही असं तुम्ही लिहिलंय, तर तिचा फक्त हात फ्रेममध्ये येऊ द्या. चेहरा एकदा दाखवला आणि पुढे बदलला तर तुम्हाला लोकांना समजावत बसावं लागेल. संवाद नको. तुमच्या मैत्रिणीने आजीसाठी दिलेला तात्पुरता आवाज तर अजिबात नको, कारण पहिला ऐकलेला आवाज कानात घर करतो आणि नंतर खरा आवाज कितीही चांगला असला तरी परका वाटतो. तारीख लिहू नका, ‘लवकरच’ही नको, नुसतं शीर्षक पुरे.

आणि रेंडरच्या मागे लागण्याआधी त्या काळ्या पडद्यावरच्या सात-आठ सेकंदांचा आवाज तयार करा. जुन्या यानाची सतत चालणारी घरघर, त्यात मध्येच सुयांची टकटक. दोन्ही घरीच रेकॉर्ड होतील. ते ऐकून मागच्या खोलीत कोणीतरी विणत बसलंय असं वाटलं की लोकरीच्या शॉटचं लायटिंग सुरू करा. त्या आवाजाची फाइल तयार झाली की मला पाठवा, हेडफोन लावून ऐकेन.